आधी भाकर, मग वचन : पहिल्यांदा मुलांचं उन्हाळी शिबिर घेणाऱ्यांसाठी

नाताळ उरकला की मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कमिटीत कुणीतरी हटकून म्हणतं, "यंदा मुलांना पाचगणीला नेऊ या की." सगळे माना डोलावतात आणि नजरा संडेस्कूलच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या, सगळ्यांत नव्या शिक्षकाकडे वळतात. तो शिक्षक तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी. मी मिरजेकडच्या एका मंडळीत बरीच वर्षं संडेस्कूल घेते. शिबिरात करता येण्यासारख्या चुकांपैकी बहुतेक माझ्या हातून होऊन गेल्यात, तेव्हा तुम्ही निदान नव्या चुका करा.

आमच्या पहिल्या शिबिरात चार दिवसांत अकरा संदेश, म्हणजे प्रवचनं, ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे वक्ते बोलत होते आणि मागच्या रांगेतली सहा पोरं भिंतीला टेकून गाढ झोपली होती. वक्ते चिडले, मुलांना बोलणी बसली. दुपारी मी मुलांच्या खोलीत जाऊन बघितलं, तर बारा जणांत आठ गाद्या. टाकी रोज संध्याकाळीच रिकामी होत होती आणि रात्री साडेबारापर्यंत कुणी झोपत नव्हतं. मुलांचं काही चुकलेलं नव्हतं.

तेव्हापासून शिबिराच्या तयारीची पहिली बैठक मी बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाने सुरू करते. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडलाय. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. उठून खा म्हणतो. भाकर देतो, पाणी देतो, परत झोपू देतो, परत उठवून खायला घालतो. देवाची मंद वाणी एलीयाला ऐकू येते ती त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, यावर "मनुष्य केवळ भाकरीने नव्हे" हे वचन काढलं. मी म्हटलं, साहेब, अगदी खरं; पण ही पोरं चार दिवस आपल्या स्वाधीन आहेत, तोवर भाकरीचं आपल्यालाच बघायचंय.

पहिलं वर्ष गावातच

माझं स्पष्ट मत : ज्या मंडळीने आजवर एकही शिबिर घेतलेलं नाही, तिने पहिल्या वर्षी घाट चढू नये. चर्चच्या आवारात पाच दिवसांचं व्हीबीएस घ्या, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. मुलं सकाळी येतात, दुपारी घरी जातात. रात्रीची जबाबदारी नाही, गाद्यांचा घोळ नाही. आणि तुमच्यातलं कोण वेळेवर येतं, कोण मुलांवर ओरडतं, कोण हिशेब ठेवतं, हे पाच दिवसांत लख्ख कळतं. निवासी शिबिराची माणसं पुढच्या वर्षी यातूनच निवडायची असतात.

या शाळेची कल्पनाच मुळी अशा गरजेतून निघाली. १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट बोव्हिल यांच्या ध्यानात आलं, की सुट्टीत मुलं रस्त्यावर भटकतात आणि चर्चच्या इमारती आठवडाभर कुलूपबंद असतात. त्यांनी दोन्हींची गाठ घालून दिली. आपल्याकडेही मे महिन्यात नेमकं तेच चित्र असतं.

सांगली-मिरजेच्या उन्हात वेळ सकाळी साडेसात ते अकरा. त्यापुढे पत्र्याखाली कुणालाही बसवू नका. ताक किंवा लिंबूसरबत रोज द्या, बिस्किटाचे पुडे एखाद्या दिवशी चालतील. आणि एक सकाळ मुलांना त्यांच्याच गावची गोष्ट सांगा. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं राहिलं, हे मोठ्यांना माहीत असतं म्हणून मुलांना कुणी सांगतच नाही. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगताना निम्म्या मुलांच्या आज्या तिथल्या नर्स निघाल्या. पुढचा तासभर मला बोलावंच लागलं नाही.

आता निवासी शिबिराकडे येऊ. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सम्नर डडली १८८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्याकाठी तंबू घेऊन गेले तेव्हा त्यांच्याबरोबर सात मुलं होती. ते शिबिर अजून चालू आहे. तुमच्याकडे पंचवीस नावं आली तर "एवढीच?" म्हणून तोंड पाडू नका. पुढचे हिशेब मी चाळीस मुलांचे देते. पहिल्या खेपेला त्याच्यावर जाऊ नका.

तारीख आणि जागा

जानेवारीत तारीख धरा. स्टेट बोर्डाच्या शाळा साधारण मेच्या सुरुवातीला सुटलेल्या असतात आणि जूनच्या मध्याला भरतात. मेच्या उत्तरार्धात वळीव गाठतो, लग्नं असतात आणि मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात. म्हणून मेचा पहिला पंधरवडा. महाराष्ट्र दिनाला जोडून जाऊ नका. आणि सोमवारी जाऊन गुरुवारी परत या. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी पसरणी घाट कसा तुंबतो हे एकदा बघितलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. शिवाय रविवारच्या उपासनेला तुम्ही आपापल्या मंडळीत हजर राहता. पाळकसाहेब खूश राहतात, आणि ते खूश असले की पुढचं बरंच सोपं जातं.

पाचगणी-महाबळेश्वरची ओढ सगळ्यांनाच. उंची जवळपास १,३०० मीटर, मे महिन्यातही रात्री चादर लागते. निवासी शाळांची तिथली परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी, त्यामुळे सुट्टीत वसतिगृहं रिकामी असतात. काही शाळा ती शिबिरांना देतात, काही देत नाहीत. मिशनच्या जुन्या बंगल्यांचंही तसंच. वाई, सातारा, कऱ्हाड भागात चर्चच्या आवारातल्या जागा स्वस्त पडतात. गरम होतं, पण घाट टळतो.

जागा फोनवर ठरवू नका. दोघं जा, त्यात एक बाई असलीच पाहिजे, कारण मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का आणि रात्री तिथवर दिवा आहे का, हे पुरुषांना दिसत नाही. दहा मुलांमागे एक संडास हवा. नळाला पाणी आहे का असं फेब्रुवारीत विचारून उपयोग नाही. तेव्हा सगळीकडेच असतं. मेमध्ये टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे विचारा. गाद्या स्वतः मोजा. (मी का सांगतेय ते वर आलंच आहे.) आवाराला कुंपण आहे का, जवळ विहीर, तळं किंवा कडा आहे का, मोबाइलला रेंज कुठे मिळते, दवाखाना गाडीने किती मिनिटांवर आहे आणि रात्री उघडा असतो का, हे सगळं वहीत टिपून घ्या. शेवटचा प्रश्न तर त्याच दवाखान्यात जाऊन विचारायचा.

माणसं आणि न मोडायचे नियम

लहान मुलांच्या आठ जणांमागे एक गटप्रमुख, किशोरवयीन दहा जणांमागे एक. आठ ते बारा आणि तेरा ते सतरा असे दोन वयोगट ठेवा. झोपायला, अभ्यासाला, खेळायला वेगळे. जेवायला आणि गाण्याला एकत्र. शक्य असेल तर लहानांचं गावात आणि मोठ्यांचं घाटावर, असं शिबिरच वेगळं घ्या. गटप्रमुख बावीस-पंचवीसचे चांगले. अठराच्या आतल्याला मदतनीस करा, पण खोलीची जबाबदारी देऊ नका.

गटप्रमुख, स्वयंपाकी आणि नर्स यांच्यापलीकडे दोन माणसं अशी ठेवा ज्यांना कुठलंच काम नाही. त्यातल्या एकाकडे गाडी हवी. कमिटी म्हणेल, यांचा खर्च कशाला? पण कुणाचा पाय मुरगळतो, कुणी रडत बसतं, गॅस संपतो, तेव्हा हीच माणसं धावतात आणि बाकीचं शिबिर हलत नाही.

आता जे लिहिते ते कमिटीसमोर वाचून दाखवा आणि सह्या घ्या. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा असणार नाही. प्रार्थनेसाठीसुद्धा नाही, पाळक असले तरी नाही. वैयक्तिक बोलायचं असेल तर व्हरांड्यात, चार जणांच्या नजरेसमोर. मुलींच्या खोल्यांची जबाबदारी स्त्रियांकडे, मुलांच्या खोल्यांची पुरुषांकडे, प्रत्येक मजल्यावर दोघं. मुलांना मारायचं नाही, उन्हात उभं करायचं नाही. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुणी स्टेटसला टाकायचे नाहीत.

आणि समजा एखाद्या मुलाने काही वावगं घडल्याचं सांगितलं, तर काय करायचं हेही आधीच ठरवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे; न कळवणं हाही गुन्हा आहे. "मंडळीचं नाव जाईल, आपसात मिटवू" हे वाक्य आपल्याकडे फार लवकर तोंडावर येतं. ते म्हणणाऱ्याला शिबिराच्या कामात घेऊ नका. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि पहिल्या संध्याकाळी मुलांना तो का लावलाय ते सांगा.

फॉर्म

फॉर्म एका पानाचा असावा, मराठीत असावा आणि आईवडिलांपैकी एकाने तरी भरलेला असावा. नाव, जन्मतारीख, दोन फोन नंबर, रक्तगट, चालू औषधं, दमा, फिट, कशाची अॅलर्जी, गाडी लागते का. मूल न्यायला कोण येणार, त्याचं नाव. "रात्री अंथरूण ओलं होतं का" हा प्रश्न लिहायला संकोच वाटतो. पण तो नसला की एखादं नऊ वर्षांचं पोर तीन रात्री जागं राहतं. उत्तर फक्त खोलीतल्या गटप्रमुखाला सांगा. दोन चादरी जादा ठेवा आणि सकाळी पाच वाजता गुपचूप बदला.

मुलं आपल्या शाळेतल्या मित्रांना घेऊन येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलीही असतात. येऊ द्या, पण त्यांच्या घरी जाऊन सांगा की इथे बायबल शिकवतात, प्रार्थना असते, ख्रिस्ती गाणी असतात. ते ऐकून आईवडिलांनी लेखी संमती दिली तरच नाव घ्या. "खेळांचं शिबिर आहे" असं मोघम सांगून मूल नेणं हा मला सरळ खोटेपणा वाटतो, आणि त्याने शेजार कायमचा तुटतो. या मुलांवर कसलंही वचन, कसलाही निर्णय लादायचा नाही.

मंडळ्या वेगवेगळ्या असतील, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मुक्तिफौज, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विषय वक्त्यांना आधीच बाजूला ठेवायला सांगा. नाहीतर चौथ्या दिवशी मुलांऐवजी वक्त्यांमध्येच समेट घडवावा लागतो.

पैसे

खर्च छत्तीस मुलांवर काढा, नावं चाळीस घ्या. चार जण शेवटच्या आठवड्यात गळतातच. जागा, प्रवास, शिधा, स्वयंपाकी, औषधं, साहित्य, आणि या सगळ्याच्या दहा टक्के वरखर्च. फी ठेवा, अगदी फुकट नको. फुकट शिबिराला नावं भरपूर येतात आणि मुलं येत नाहीत. ज्यांना झेपत नाही त्यांची फी मंडळीतल्या एखाद्या घराने भरावी, पण कुणाची भरली हे पाळकसाहेब आणि खजिनदार सोडून कुणाला कळू नये. शिधा मागून घ्या. सुगीनंतर खेड्यातल्या मंडळ्यांकडे तांदूळ, ज्वारी, शेंगदाणे, गूळ सहज मिळतं, आणि देणाऱ्यांना शिबिर आपलं वाटतं.

प्रवास

एसटीचा प्रासंगिक करार करा. आगारात लवकर अर्ज द्या, कारण मे म्हणजे लग्नसराई आणि गाड्या कमी. मिरजेहून निघालात तर पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, मग पाचवडला वळून वाई. वाईत थांबा, मुलांना पाय मोकळे करू द्या, पण कृष्णेच्या घाटावर पाण्यात उतरू देऊ नका. धोम धरणावरही नाही. पोहता येतं म्हणणारी मुलं सगळ्यांत धोक्याची.

पसरणी घाट वाईनंतर लगेच लागतो. त्याच्या तासभर आधी पोटभर वडापाव खाऊ घातलात तर तो वडापाव घाटात परत भेटतो. थोडं पाणी, आलेपाक किंवा लिंबाची गोळी, आणि गाडी लागणारी मुलं पुढच्या बाकांवर. प्लास्टिकच्या पिशव्या चालकाच्या मागे टांगून ठेवा.

मोजणीचं सांगते. मुलांच्या जोड्या लावा, शिबिर संपेपर्यंत जोडी तीच. गाडी सुटण्याआधी, गाडीतून उतरल्यावर, जेवणाआधी, झोपण्याआधी मोजा. "सगळे आले का रे?" असं ओरडून विचारणं म्हणजे मोजणं नव्हे. आलेली मुलंच "हो" म्हणतात.

जेवण

स्वयंपाकी मंडळीतलाच न्या, चव ओळखीची असली की मुलं जेवतात. चाळीस मुलं आणि बरोबरची दहा-बारा माणसं धरून एका वेळच्या भाताला पाच किलो तांदूळ, आमटीला दोन किलो तूरडाळ, चपात्यांना पाच-सहा किलो कणीक. नाश्त्याला पाच किलो पोहे. घाटावरच्या हवेत भूक जास्त लागते, दुसऱ्या दिवसापासून हिशेब थोडा वाढवा. सकाळी पोहे, उपीट, एखाद्या दिवशी शिरा. दुपारी चपाती, मटकीची उसळ, आमटी-भात. रात्री पिठलं-भाकरी ठेवली की इंग्रजी शाळेतली मुलं नाक मुरडतात आणि तिसरी भाकरी मागतात. चिकन शेवटून दुसऱ्या दुपारी. शेवटच्या रात्री नको, सकाळी घाट उतरायचा असतो.

पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर धरा, म्हणजे पन्नास जणांना वीस लिटरचे आठ जार रोज. पाणी उघड्यावर, नजरेसमोर ठेवा. ऑफिसच्या आत ठेवलेल्या जारपर्यंत लाजरी मुलं पोचत नाहीत. खाण्याच्या पिशव्या हातात घेऊन पाचगणीत फिरायचं नाही. माकडं मुलांपेक्षा चपळ असतात. ताटं घरून आणायला सांगा आणि ज्याने त्याने धुवायची, वक्त्यांनीसुद्धा.

दिवस कसा लावायचा

सकाळी सहाला उठणं, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात शिकवणुकीची दोन सत्रं, त्याहून एकही जास्त नाही. सकाळचं नाश्त्यानंतर, पाऊण तास. संध्याकाळचं खेळून, हातपाय धुऊन झाल्यावर, अर्धा तास. दुपारी दीड ते तीन सक्तीची विश्रांती. झोपायचं नसेल तर पडून वाचा, पण पाय खाटेवर. मोठ्या मुलांची पहिल्या दिवशी कुरकुर असते, दुसऱ्या दिवशी त्यांना उठवावं लागतं. सकाळच्या शांत समयाला, म्हणजे एकट्याने वचन वाचून प्रार्थना करायला, दहा मिनिटं पुरेत, जो तो आपापलं बायबल घेऊन झाडाखाली.

विषयासाठी फार शोधाशोध नको. शिबिर चार दिवसांचं असेल तर चार अध्यायांचं पुस्तक घ्या, रोज एक अध्याय. योना, रूथ, किंवा फिलिप्पैकरांस पत्र. लहानांना योनाची गोष्ट माशापर्यंत माहीत असते. शेवटच्या अध्यायात तो वेलीसाठी रुसून बसतो, ते त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. आणि ते पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं. उत्तर दिलेलंच नाही. मोठ्या मुलांना ते उत्तर लिहायला सांगा. मला मिळालेली काही उत्तरं मी अजून जपून ठेवलीत. किशोरांना नहेम्याचं पुस्तकही आवडतं. बावन्न दिवसांत यरुशलेमची भिंत उभी राहते, कामं वाटून दिलेली असतात, विरोध असतो, हिशेब असतो.

एक अडचण हल्ली दरवर्षी येते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी बायबल वाचता येत नाही, मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी गाणी म्हणायला लाज वाटते, आणि दोन्ही कळप वेगळे बसतात. गट ठरवताना मुद्दाम मिसळा. वाचायचं मराठीतून, वाचणाऱ्याने. सांगायचं ज्याला जमेल त्या भाषेत. गाण्यांत ढोलकी, खंजिरी आणि टाळ न्या, गिटार असतेच कुणाकडे तरी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन आणलं, आणि १९१७ मध्ये याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांचं एखादं भजन टाळावर म्हणायला शिकवलं की दोन्ही माध्यमं एका सुरात येतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक कायद्यानेच बंद ठेवायचा असतो. तुमचे दिवे साडेनऊला बंद होणार आहेत, तेव्हा हा प्रश्न यायलाच नको.

हाताला काम द्या. १८६८ मध्ये वेल्समधल्या लँडुडनोच्या समुद्रकिनारी जोसाया स्पायर्स यांनी वाळूत 'देव प्रीती आहे' ही अक्षरं काढली आणि खेळणाऱ्या मुलांना ती शंखशिंपल्यांनी सजवायला बोलावलं. मुलांना बायबल वाचायला लावणाऱ्या स्क्रिप्चर युनियन या संस्थेच्या मुलांमधल्या कामाची ही सुरुवातीची आठवण. आपल्याकडे वाळू नाही, पण घाटावर लाल माती आहे, वाळलेली पानं आहेत, जांभ्याचे खडे आहेत. पाठांतराचं वचन असं जमिनीवर लिहिलेलं मुलं विसरत नाहीत. खेळांत कबड्डी, खो-खो, लगोरी, सकाळी किंवा साडेचारनंतर. टेबललँडला, म्हणजे पाचगणीच्या सपाट पठारावर, नेलंत तर कड्यापासून दूर, दोरी धरून जायचं वय नसलं तरी जोडी सोडायची नाही.

मोबाइल आणूच नका असं सांगूनही मुलं घेऊन येतात. गोळा करा, पण एका बादलीत टाकू नका. नाव शिवलेल्या कापडी पिशवीत, कुलपात. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं घरी बोलायला. घराची आठवण पहिल्या रात्री येते, दुसऱ्या रात्री जास्त येते. रडणाऱ्या लहानग्याला लगेच फोन लावून दिला तर आईही रडते आणि बाबा गाडी काढतात. त्याला स्वयंपाकघरात न्या, लसूण सोलायला बसवा. तासाभरात बोलायला लागतो. दोन दिवस जेवलंच नाही, झोपलंच नाही, असं मूल असेल तर मात्र घरी कळवा.

शेवटची रात्र

शेकोटी सगळ्यांना हवी असते. जागेच्या मालकाची परवानगी घ्या, मोकळ्या मातीवर पेटवा, दोन बादल्या पाणी शेजारी. मेमध्ये पठारावरचं गवत काडीसारखं पेटतं. वारा असेल तर कंदील ठेवा आणि त्यालाच शेकोटी म्हणा.

माझा खरा आक्षेप शेकोटीनंतरच्या आवाहनाला आहे. चार दिवसांची दमलेली मुलं, अंधार, हळू आवाजातलं गाणं, आणि वक्ते म्हणतात, "ज्यांनी आज निर्णय घेतला त्यांनी हात वर करा." अशा वेळी एकाने हात वर केला की सगळे करतात. मीही लहानपणी तीन शिबिरांत तीनदा केलाय. आम्ही आता हे आवाहन तिसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर नाश्त्यानंतर, उजेडात करतो. हात वर करायचा नाही. ज्याला बोलायचं असेल त्याने दिवसभरात कधीही आपल्या गटप्रमुखाकडे यावं. चाळिसात पाच येतात, कधी दोन. वक्त्यांना आकडा सांगायला कमी वाटतो. पण ते दोघं पुढच्या जानेवारीतही संडेस्कूलला दिसतात. शेवटच्या रात्री आम्ही नाटुकली, नकला आणि स्वयंपाक्याचा सत्कार ठेवतो.

दुखणीखुपणी

नर्स पूर्ण वेळ बरोबर हवी. मिरजेच्या मंडळ्यांत नर्स शोधावी लागत नाही, रजा तेवढी आधी टाकायला सांगा. मुलांची सगळी औषधं तिच्या ताब्यात, वहीत नोंद करून. ओआरएसचं पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं; मोठं पाकीट एक लिटरला. अर्ध्या पाकिटाला अर्धा ग्लास असला अंदाज नको. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड भरपूर ठेवा आणि ते कुठे आहेत हे पहिल्या दिवशीच सांगा, मागायला लागू नयेत. रात्री बाहेर पडताना चप्पल आणि बॅटरी. साप किंवा विंचू चावला तर मंत्र, चिरा, पट्ट्या काही नाही. मुलाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं, धीर द्यायचा, आणि मोकळ्या माणसाची गाडी थेट दवाखान्यात. रुग्णवाहिकेचा नंबर १०८, पोलिसांचा ११२.

परत

उतरल्यावर गर्दी होते, आणि त्या गर्दीत मूल शेजाऱ्याच्या गाडीवर बसून जातं. फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याच्याच हाती, वहीत सही घेऊन. बाबांच्या जागी काका आला असेल तर आधी फोन. पाच मिनिटं उशीर होतो, लोक वैतागतात, होऊ द्या.

हिशेब पहिल्या रविवारी फळ्यावर लावा, उरलेले पैसेसुद्धा. गटप्रमुखांना पंधरा दिवसांच्या आत आपल्या गटातल्या प्रत्येक घरी एकदा जाऊन यायला सांगा, शाळा भरायच्या आत. राहिलेल्या वस्तूंची पेटी चर्चच्या दारात ठेवा : टॉवेल, एका पायाची चप्पल, आणि दरवर्षी निदान एक बायबल, ज्यावर नाव नसतं. आणि जागा आवडली असेल तर दिवाळीच्या आत फोन करून पुढच्या मेसाठी धरून ठेवा, नंतर मिळत नाही. फोनवर गाद्या पुन्हा विचारा.